ध्वनिचित्रित व्याख्यान पाहणाऱ्या विद्यार्थ्याची नजर टिपून उजळणीला मदत होऊ शकते का?

प्रश्न : संख्याशिक्षिका

नमस्कार. मी एका दूरशिक्षण अभ्यासक्रमात पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. आमचे बहुतेक विद्यार्थी दिवसा नोकरी करतात आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर माझी व्याख्याने पाहतात. समोर वर्ग असायचा तेव्हा फळ्यावर सूत्र लिहून मागे वळले की कोणाचा धागा कुठे सुटला आहे ते चेहऱ्यांवरून लगेच कळायचे आणि तीच पायरी वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगता यायची. आता मी कॅमेऱ्यासमोर ४० मिनिटे बोलते आणि धागा सुटल्याचे मला थेट उत्तरपत्रिका तपासताना कळते, जेव्हा त्यावर काहीच करता येत नाही.

गेल्या महिन्यात एका कंपनीचे प्रतिनिधी आमच्याकडे येऊन गेले. त्यांची प्रणाली वेबकॅममधून विद्यार्थ्याची नजर टिपते, तो पडद्याकडे किती वेळ पाहत होता हे मोजते आणि व्याख्यान संपल्यावर शिक्षकाला प्रत्येक विद्यार्थ्याच्या ‘अवधानाची टक्केवारी’ कळवते. मी ती आधी स्वतःवर वापरून पाहिली. प्रमाण विचलनाचे, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेले आहेत ते मोजण्याचे, व्याख्यान लावले, शेजारी वही घेतली आणि अभ्यास कसा करावा असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते अगदी तसा, म्हणजे प्रत्येक पायरीला व्याख्यान थांबवून आणि उदाहरण स्वतः सोडवत, तो पूर्ण केला. माझे अवधान ३४ टक्के भरले. दुसऱ्या दिवशी तेच व्याख्यान मी वही न घेता, घरच्या कामांचा विचार करत, नुसते पडद्याकडे पाहत बसून संपवले, तेव्हा ते ९१ टक्के भरले.

ही टक्केवारी मला नको आहे, हे त्याच वेळी ठरले. तरीही त्यामागची कल्पना मनातून जात नाही. नजरेची नोंद हजेरीसारखी न वापरता उजळणीसाठी वापरता येईल का, असा माझा प्रश्न आहे. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थ्याला, आणि फक्त त्यालाच, ‘या दोन मिनिटांत तुमची नजर सूत्रापर्यंत पोहोचलेली दिसत नाही, तेवढा भाग पुन्हा पाहून घ्या’ असे सांगता आले, तर दिवसभर काम करून थकलेल्या माणसाचा अर्धा तास वाचेल. तंत्र त्या योग्यतेचे झाले आहे का, आणि विद्यार्थ्यावर दडपण न आणता ते कसे वापरावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : दृष्टिमापक

ताई, मी काही वर्षे एका दृष्टिविज्ञान प्रयोगशाळेत नजर टिपणाऱ्या यंत्रांवर काम केले आहे, त्यामुळे प्रश्नाच्या तांत्रिक बाजूपुरते लिहितो.

प्रयोगशाळेतले यंत्र डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकते, जो आपल्याला दिसत नाही. त्याचा एक बारीक ठिपका पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, चमकतो. डोळा फिरला की बाहुली सरकते, पण तो चमकता ठिपका त्या मानाने जागेवरच राहतो, आणि या दोहोंमधल्या अंतरावरून नजर पडद्यावर कुठे टेकली आहे याचे गणित मांडले जाते. प्रत्येकाच्या डोळ्याची घडण वेगळी असल्यामुळे सुरुवातीला पडद्यावरच्या पाच किंवा नऊ ठिपक्यांकडे क्रमाने पाहायला लावून यंत्राला त्या डोळ्याची ओळख करून द्यावी लागते. याला आम्ही कॅलिब्रेशन म्हणतो. यंत्र चांगले असेल, कॅलिब्रेशन नीट झाले असेल आणि माणूस स्थिर बसला असेल, तर चूक साधारण अर्ध्या अंशाची राहते.

अंशाचा हिशेब घरच्या घरी करता येतो. पडदा डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर एक अंश म्हणजे पडद्यावरचा सुमारे एक सेंटिमीटर. हात समोर लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर ते नख जेवढी जागा व्यापते ती साधारण दोन अंशांची असते, आणि कोणत्याही क्षणी आपल्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग जवळपास तेवढाच असतो. बाकीचे सगळे धूसर असते. ते आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीन-चार वेळा जागा बदलत असतो.

साध्या वेबकॅमकडे अवरक्त प्रकाश नसतो. तो खोलीतल्या उजेडात दिसेल तेवढ्या डोळ्याच्या चित्रावरून अंदाज बांधतो. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात तयार झालेली आणि २०१६ मध्ये मांडली गेलेली ‘वेबगेझर’ ही मुक्त प्रणाली तर माणूस जिथे माउसने क्लिक करतो तिथेच त्या क्षणी पाहत असतो, या गृहीतकावर स्वतःला सुधारत जाते. कल्पना सुंदर आहे, आणि विद्यार्थ्याचे चित्र संगणकाबाहेर न पाठवता ती ब्राउझरमध्येच चालते हा तिचा मोठा गुण आहे. परंतु अशा पद्धतींमध्ये चूक चार अंशांच्या घरात जाते, म्हणजे लॅपटॉपवर चार सेंटिमीटरहून अधिक. तुमच्या स्लाइडवर दोन ओळींमध्ये दीड सेंटिमीटर अंतर असेल, तर विद्यार्थी कोणती ओळ वाचत होता हे वेबकॅम सांगू शकणार नाही. डावीकडच्या सूत्राकडे पाहत होता की उजवीकडच्या आलेखाकडे, एवढे मात्र सांगू शकेल.

मोबाइलवर पडदाच लहान असतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी आणि जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १,४५० लोकांची नोंद गोळा करून फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासाठी प्रारूप तयार केले, तेव्हा कॅलिब्रेशन न करता सरासरी चूक १.७१ सेंटिमीटर होती. सात सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर ही चूक पाव भागाइतकी होते. २०२० मध्ये गूगलच्या संशोधकांनी व्यक्तीगणिक कॅलिब्रेशन करून ती अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आणून दाखवली आहे, म्हणजे फोनचा कॅमेरा मुळातच असमर्थ आहे असे म्हणता येत नाही. पण तुमचे विद्यार्थी फोन हातात धरून, कूस बदलत, पाठीमागे ट्यूबलाइट आणि चेहऱ्यावर अंधार अशा स्थितीत पाहणार. त्या परिस्थितीत मी स्वतः ‘पडद्याकडे’ आणि ‘पडद्याबाहेर’ यापलीकडच्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवणार नाही.

वही वापरताना तुम्हाला ३४ टक्के मिळाले, त्यात यंत्र बिघडले नव्हते. त्याने नजर कुठे आहे ते मोजले आणि तुम्हाला वाचून दाखवताना त्याला अवधान हे नाव दिले.

उत्तर : वाचनसंशोधक

वरच्या उत्तरातले शेवटचे वाक्य या विषयाचा गाभा आहे, म्हणून तिथूनच पुढे लिहितो.

नजर आणि मन यांचे नाते जुळवण्याचा प्रयत्न शंभर-सव्वाशे वर्षांहून जुना आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तर झेपा घेत जातो, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फ्रान्समध्ये लुई एमिल झाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले होते. इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस एका ठिकाणी सरासरी पाव सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ टेकतो, सात ते नऊ अक्षरांची झेप घेतो, आणि त्याच्या दर शंभर झेपांपैकी दहा ते पंधरा मागच्या दिशेने असतात. हे आकडे देवनागरीला जसेच्या तसे लावू नयेत, कारण आपल्याकडे मात्रा-वेलांट्यांमुळे अक्षराची व्याख्याच वेगळी होते. हिंदी वाचनाच्या नोंदींचा एक संग्रह जर्मनीतील पॉट्सडॅम आणि अलाहाबाद येथील संशोधकांनी मिळून तयार केला आहे, आणि आपल्या मुंबईच्या आयआयटीत डॉ. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने वाचकाच्या नजरेवरून मजकुराची कठीणता आणि त्यातला उपरोध ओळखण्याचे काम केले आहे. मराठीसाठी अशी पायाभरणी व्हावी असे मला मनापासून वाटते.

१९८० मध्ये जस्ट आणि कार्पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी मांडले की डोळा ज्या शब्दावर टेकलेला असतो त्याच शब्दावर मन काम करत असते. वाचनाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी उपयोगी ठरले. परंतु डोळे पुस्तकात आणि मन भलतीकडे ही अवस्था आपण सगळेच जाणतो. २०१० मध्ये राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी तीच मोजली. मन भरकटलेले असतानाही डोळे ओळींवरून चालत राहतात, फक्त टेकण्याचा वेळ वाढतो आणि शब्द नेहमीचा आहे की दुर्मीळ आहे याचा त्या वेळेवर होणारा परिणाम कमी होतो. म्हणजे भरकटल्याची खूण नजरेत असते, पण ती शोधायला नजर शब्दाच्या पातळीवर टिपावी लागते, आणि वेबकॅमची मर्यादा तर दृष्टिमापक यांनी सांगितलीच आहे.

आता शिक्षणातले प्रयोग. २०१२ मध्ये सिडनी डिमेलो आणि सहकाऱ्यांनी जीवशास्त्र शिकवणारा एक संगणकीय शिक्षक तयार केला. विद्यार्थ्याची नजर पाच सेकंदांहून अधिक काळ महत्त्वाच्या भागापासून दूर राहिली की तो बोलून त्याला परत आणत असे. नजर परत येई, हे खरे. पण शिकण्यातला फायदा मुख्यतः खोलात जाणाऱ्या प्रश्नांपुरता दिसला आणि तोही सर्व विद्यार्थ्यांना सारखा झाला नाही. मला अधिक भावलेले काम स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील ईपीएफएल संस्थेचे आहे. तिथे क्षितिज शर्मा, पिएर दिलेनबूर्ग आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थी पडद्याकडे पाहतो का हे विचारण्याऐवजी तो शिक्षकाबरोबर आहे का हे विचारले. शिक्षक ज्याच्याकडे बोट दाखवतो तिथे विद्यार्थ्याची नजर जाते का, आणि शिक्षक ज्याच्याविषयी नुसते बोलतो आहे ते तो पडद्यावर शोधून काढतो का, असे त्यांनी दोन स्तरांवर मोजले. ही सोबत आणि विषयाचे आकलन यांचा संबंध त्यांना दिसला. २०१६ च्या कामात त्यांनी ही सोबत सुटू लागली की व्याख्यानातला संबंधित भाग चौकटीने ठळक करून दाखवला, आणि त्याचा शिकण्याला उपयोग झाला. तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे काम हेच आहे.

उजळणीविषयी मात्र मी एक गोष्ट आग्रहाने सांगेन. ‘तेवढा भाग पुन्हा पाहून घ्या’ ही सूचना अपुरी आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दोनदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, पण एका आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होते, तर एकदा वाचून नंतर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. पुन्हा पाहताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्यामुळेच तो आला आहे असे वाटते. म्हणून जिथे नजर सुटली तिथे विद्यार्थ्याला परत नेऊन आधी त्या भागावरचा एक प्रश्न विचारावा. उत्तर आले तर पुढे जावे, नाही आले तरच तो भाग दाखवावा.

हे करायला कॅमेरा लागतोच असेही नाही. श्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी २०१३ मध्ये २१ मिनिटांच्या एका ऑनलाइन व्याख्यानाचे चार तुकडे करून प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी ठेवली, तेव्हा मन भरकटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. आयआयटी मुंबईच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातून आलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या आराखड्यातही व्याख्यानाच्या मध्येच थांबून विद्यार्थ्याला विचार करायला लावणारे थांबे आहेत. तुमचे ४० मिनिटांचे व्याख्यान अखंड आहे का? असल्यास माझी पहिली सूचना ते तोडण्याची आहे. नजर त्यानंतर.

उत्तर : विशेष शिक्षक, सोलापूर

मी दृष्टिदोष आणि अवधानाच्या अडचणी असलेल्या मुलांना शिकवतो. अवघड प्रश्नाचा विचार करताना माणूस नजर वळवतो, छताकडे किंवा खिडकीबाहेर पाहतो, आणि तसे केल्याने त्याला आठवायला मदत होते, हे ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्येच दाखवले आहे. पुढे लहान मुलांवरही असे अभ्यास झाले. पडद्याबाहेर पाहिल्याबद्दल गुण कापणारी प्रणाली विचार करणाऱ्या मुलाचेच गुण कापते. मग मूल विचार करणे सोडते आणि पडद्याकडे टक लावून बसायला शिकते, जे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

तिरळेपणा, नेत्रकंप (डोळे आपोआप थरथरणे), खाली झुकलेली पापणी, जाड भिंगाचा चष्मा, यांपैकी काहीही असले की यंत्राचा अंदाज चुकतो. माझ्या एका विद्यार्थ्याचा एक डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला आहे आणि तो वर्गातला सर्वांत मन लावून ऐकणारा मुलगा आहे. अशा मुलाच्या नावापुढे कमी टक्केवारी छापून ती शिक्षकाच्या हाती देणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो अन्याय कोणाच्याही लक्षात येणार नाही, कारण आकडा यंत्राने दिलेला असतो.

कायद्याचाही विचार करावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि त्याच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत शैक्षणिक संस्थांना त्यांच्या शैक्षणिक कामापुरती सवलत दिलेली आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारी काही मुले १७ वर्षांची असतात, हे लक्षात असू द्यावे. युरोपीय संघाने तर शिक्षणसंस्थांमध्ये यंत्राद्वारे विद्यार्थ्यांच्या भावना ओळखण्यावर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी लागू केली आहे. नजर टिपणे आणि भावना ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण कंपन्या दोन्ही एकाच प्रणालीत घालून विकतात. म्हणून प्रतिनिधीला हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे.

पुन्हा : संख्याशिक्षिका

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण या काळात मी एक छोटा प्रयत्न करून पाहिला.

कंपनीची प्रणाली आम्ही घेतली नाही. व्याख्यानांचे मी सहा-सात मिनिटांचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर वहीत सोडवायचा एक प्रश्न ठेवला. नंतर मानसशास्त्र विभागाकडून पडद्याखाली बसवण्याचे अवरक्त यंत्र एका दुपारपुरते मागून घेतले आणि स्वतःहून तयार झालेल्या पाच विद्यार्थ्यांना एकेक करून बोलावले. प्रत्येकाने प्रमाण विचलनाचा एकच तुकडा पाहिला. मग आम्ही दोघांनी शेजारी बसून त्याच्या नजरेचा ठिपका त्याच तुकड्यावर फिरताना पुन्हा पाहिला, आणि ठिपका जिथे घुटमळला तिथे थांबवून ‘इथे काय चालले होते?’ एवढेच मी विचारले.

एका विद्यार्थिनीविषयी सविस्तर लिहिते. ती दिवसा औषधांच्या दुकानात काम करते आणि मागच्या परीक्षेत नेमक्या याच प्रकरणात मागे पडली होती. माझ्या स्लाइडवर डावीकडे सूत्र होते आणि उजवीकडे ४, ६, ८, १०, १२ या पाच संख्यांचा तक्ता. मध्य, म्हणजे सरासरी, ८. मध्यापासूनची विचलने उणे ४, उणे २, शून्य, २, ४. त्यांचे वर्ग १६, ४, ०, ४, १६, बेरीज ४०, तिला पाचने भागले की विचरण ८, आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. मी पंधरा वर्षे हेच उदाहरण देते आहे, कारण विचरणापर्यंतचे सगळे आकडे पूर्णांकात येतात.

मी ‘विचलनांचा वर्ग’ असे म्हणाले तेव्हा तिची नजर तक्त्याच्या मथळ्यावर तीन वेळा इकडून तिकडे गेली. तिथे थांबवल्यावर ती म्हणाली, ‘बाई, मी विचलन हा शब्द शोधत होते. तक्त्यात शब्दच नाही, नुसते चिन्ह आहे.’ थोडे पुढे ठिपका वरच्या ८ वरून खालच्या ८ वर आणि पुन्हा वर असा जात राहिला. तिला वाटले होते की मी मध्यच दोनदा लिहिला आहे, आणि मग वर्ग करून बेरीज करायची कशाला, हे तिला कळेना. मध्य आणि विचरण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी माझ्या उदाहरणात योगायोगाने एकाच आकड्याच्या आहेत, हे पंधरा वर्षांत माझ्या ध्यानात आले नव्हते, आणि कोणा विद्यार्थ्याने ते बोलूनही दाखवले नव्हते. मी त्या स्लाइडपुढे बराच वेळ बसून राहिले. मागच्या परीक्षेत तिच्या उत्तरपत्रिकेवर मी ‘संकल्पना अस्पष्ट’ असा शेरा मारला होता.

आणखी दोन ठिकाणी तिचा ठिपका बराच वेळ एकाच जागी स्थिर होता. पहिल्या ठिकाणी, ती म्हणाली, ‘वर्गमूळ शेवटी का घ्यायचे याचा विचार करत होते.’ दुसऱ्या ठिकाणी ती थोडी संकोचली आणि म्हणाली, ‘इथे मला आईचा फोन आठवला.’ ठिपका दोन्हीकडे अगदी सारखा दिसत होता. कोणतीही प्रणाली त्या दोन जागांना एकच नाव देईल. तो फरक तिनेच सांगितला आणि तिला विचारले म्हणूनच कळला.

संख्या मी बदलल्या आहेत. आता ३, ५, ८, १०, १४ घेतल्या, ज्यांचा मध्य ८ आणि विचरण १४.८ येते, आणि तक्त्याच्या मथळ्यात चिन्हाखाली ‘विचलन’ असे अक्षरांत लिहिले आहे.

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला अर्धेच मिळाले आहे. शेजारी बसून हे करता येते, पण माझे दोनशेहून अधिक विद्यार्थी गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी काय करावे?

उत्तर : दृष्टिमापक

ताई, पाच जणांच्या नजरेतून तुम्ही दोनशेंसाठी स्लाइड दुरुस्त केली, तेव्हा त्या दोनशेंपर्यंत काही पोहोचले नाही असे मला वाटत नाही. जिथे चूक स्लाइडची असते तिथे प्रत्येकाचा डोळा टिपण्याची गरज नसते. संकेतस्थळांच्या मांडणीची चाचणी करणारे लोकही थोड्याच वापरकर्त्यांना शेजारी बसवून हेच करतात, आणि ठिपका दाखवून विचारण्याची तुमची रीत संशोधनातही रूढ आहे.

उरलेल्यांसाठी नजरेपेक्षा साधी नोंद पुरेशी आहे. विद्यार्थी व्याख्यान कुठे थांबवतो, कुठून मागे जातो आणि कोणत्या सेकंदापासून पुन्हा पाहतो, हे व्याख्यान दाखवणाऱ्या प्रणालीला कॅमेऱ्याशिवाय कळते. एकाच जागेवरून बरेच जण मागे जात असतील, तर ती जागा तुमच्या पुढच्या दुपारसाठी निवडावी. ज्यांना स्वतःसाठी वेबकॅम वापरायचा असेल त्यांना तो देता येईल, पण तीन अटींवर: गणित त्यांच्याच संगणकात व्हावे, चित्र साठवले जाऊ नये आणि निकाल फक्त त्यांनाच दिसावा. निकालातही टक्केवारी नसावी. ‘इथे तुम्ही बराच वेळ पडद्याबाहेर होता. हा प्रश्न सोडवून पाहता का?’ एवढाच मजकूर असावा, कारण बाहेर असताना तो वहीत उदाहरण सोडवत होता की डुलकी घेत होता, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते.

उत्तर : वाचनसंशोधक

याला माझी सहमती आहे, पण एक काळजी बोलून दाखवतो. ‘फक्त विद्यार्थ्याला दिसेल’ या अटीवर सुरू झालेली नोंद पुढच्या वर्षी कोणीतरी अंतर्गत गुणांसाठी मागते. म्हणून ती साठवलीच जाऊ नये, अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून असावी. ताई, त्या पाच विद्यार्थ्यांच्या नोंदींचे आपण काय केले?

पुन्हा : संख्याशिक्षिका

त्याच दुपारी पुसल्या, प्रत्येकाच्या समोर. वर उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीच्या परवानगीनेच तिच्याविषयी लिहिले आहे. आपली नोंद पुसण्याआधी तिने ते दोन आठ पुन्हा एकदा पाहायला मागितले, वहीत दोन्हींभोवती वर्तुळ काढले आणि एकापुढे ‘मध्य’, दुसऱ्यापुढे ‘विचरण’ असे लिहून घेतले. पुढच्या शनिवारी सहसंबंधाच्या प्रकरणासाठी मानसशास्त्र विभागाने ते यंत्र पुन्हा देण्याचे कबूल केले आहे. कोणत्या तुकड्यापासून सुरुवात करायची ते मागे जाण्याच्या नोंदी पाहून ठरवते आणि इथे कळवते.